आरोग्य विम्याची करवजावट आणि प्रमाणपत्रावरचा ‘रोख’ भरणा: माझा अनुभव

हप्ता यूपीआयने भरलेला असताना विमा कंपनीच्या प्रमाणपत्रावर भरण्याचा प्रकार ‘रोख’ असा छापून यावा, आणि तो दुरुस्त करून घेण्यात माझ्या कामाचे ऐन हंगामातले दिवस जावेत, याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. मी स्वतंत्रपणे वायरिंगची कामे घेतो. नोकरदाराची वजावट त्याचे कार्यालय पाहते आणि त्याच्या हाती फॉर्म १६ पडतो; आमच्यासारख्या हातावरच्या व्यावसायिकाला मात्र प्रत्येक कागद स्वतःच गोळा करावा लागतो, आणि तो कागदच चुकीचा निघाला तर दाद कोणाकडे मागायची हेही स्वतःच शोधावे लागते.

आमच्या धंद्यातले कित्येक जण घरच्या आरोग्य विम्याचा हप्ता व्यवसायाच्या खर्चात दाखवतात. तो खर्च वैयक्तिक असल्यामुळे तिथे बसत नाही. शिवाय प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली अनुमानित, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरलेले, उत्पन्न दाखवणाऱ्याचे सर्व व्यावसायिक खर्च वजा झाले असेच कायदा धरून चालतो. (उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, हा किमान नफा आहे, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवावा लागतो.) हप्त्याची जागा कलम ८०डी ही आहे. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत, आणि आई-वडिलांसाठी वेगळे २५,०००. आई-वडिलांपैकी कोणी साठीच्या पुढचे असेल तर ही दुसरी मर्यादा ५०,००० होते. आई-वडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही, हप्ता मात्र आपण भरलेला असला पाहिजे.

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी माझे उत्पन्न ९ लाखांच्या घरात होते. नव्या करप्रणालीत ८०डी नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला जुन्या प्रणालीत राहायचे असेल, तर विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याचा पोचक्रमांक विवरणपत्रात द्यावा लागतो. ते काम आधार ओटीपीने एका बैठकीत उरकले. नव्या प्रणालीत मला उपकरासह ४१,६०० रुपये भरावे लागले असते. जुन्या प्रणालीत कलम ८०सीखालच्या बचतीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, घरच्या विम्याचे २५,००० आणि आई-वडिलांच्या विम्याचे ४६,००० वजा जाता करपात्र उत्पन्न ४,७९,००० उरत होते, म्हणजे ५ लाखांच्या आत, आणि कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य.

सगळी मेख त्या ४६,००० रुपयांत होती. ती रक्कम गळली असती तर उत्पन्न ५,२५,००० वर जाऊन सवलत पूर्णच हातची गेली असती आणि १८,२०० रुपये कर बसला असता. हप्ता रोखीने भरला असेल तर ८०डीची वजावट मिळत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि नेमक्या याच हप्त्याच्या प्रमाणपत्रावर ‘भरणा प्रकार: रोख’ असे आले होते.

प्रत्यक्षात मी शाखेच्या काउंटरवरचा क्यूआर कोड माझ्या मोबाइलवर स्कॅन करून पैसे भरले होते. पैसे माझ्या बचत खात्यातून गेल्याची नोंद खातेउताऱ्यात होती, बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांकासह. काउंटरवर पावती फाडताना पलीकडच्या माणसाने संगणकावरचा जो पर्याय आधीपासून निवडलेला होता तो तसाच ठेवला असावा. शाखेत हे दाखवल्यावर उत्तर मिळाले, “अहो, पैसे पोचले, पॉलिसी चालू आहे, मग अडचण काय आहे तुमची?” अडचण समजावून सांगितल्यावर त्याच गृहस्थांनी रोखीला वजावट चालते असे मला ऐकवले. त्यांनी कुठेतरी अर्धेच ऐकले होते: रोख चालते ती प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीच्या खर्चाला, तीही ५,००० रुपयांपर्यंत आणि वरच्याच मर्यादेत धरून, विम्याच्या हप्त्याला नाही.

यानंतर सुरू झाली ती टोलवाटोलवी. शाखेच्या म्हणण्याप्रमाणे प्रमाणपत्र मुख्य कार्यालयातून निघते, त्यामुळे दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. मुख्य कार्यालयाच्या दूरध्वनी सेवेचे म्हणणे असे, की नोंद शाखेने केली आहे, त्यामुळे दुरुस्तीची विनंती शाखेकडूनच यायला हवी. त्यात पॉलिसी वडिलांच्या नावावर असल्यामुळे दूरध्वनी सेवेतले लोक माझ्याशी बोलायलाच तयार नसत. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जाई, वडील गावी, त्यांना कमी ऐकू येते, आणि शेजारच्या मुलाला बोलावून आकडे वाचून घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असे. संगीताची तीच धून ऐकत मी शिडीवर उभा राहून स्विचबोर्ड जोडले आहेत. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी “तुमची तक्रार नोंदवली आहे” हे वाक्य, ज्याला कोणताही क्रमांक जोडलेला नसे.

माझ्या कर सल्लागारांचे मत निराळे होते. विवरणपत्राला काहीही जोडावे लागत नाही, खातेउतारा हा पुरेसा पुरावा आहे, तेव्हा वजावट घेऊन मोकळे व्हा, असे ते म्हणत. कायद्याच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असतील. परंतु त्याच जुलैमध्ये खोट्या वजावटींविरुद्ध प्राप्तिकर विभागाची देशभर कारवाई चालू होती, आणि या वर्षीपासून विवरणपत्रात विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांकही भरावा लागत होता. माझा दावा एक सांगतो आणि कंपनीचा कागद दुसरेच सांगतो, अशा स्थितीत सही करायची माझी तयारी नव्हती. त्यांनी मला हट्टी ठरवले, ते मी मान्य करतो.

गाठ सुटली ती लेखी तक्रारीने. प्रत्येक विमा कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदपत्रांतच छापलेला असतो, फक्त तो अगदी शेवटच्या पानांत असल्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही. वडिलांच्या सहीचे पत्र, मूळ पावती, चुकीचे प्रमाणपत्र आणि खातेउताऱ्याचे ते एक पान, ज्यावर संबंधित ओळ मी पिवळी केली होती, एवढे जोडून मी ईमेल पाठवला. पंधरा दिवसांत समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर जाईन, असेही खाली लिहिले. त्या शेवटच्या वाक्याने काम केले असा माझा पक्का समज आहे, कारण ज्या शाखेला महिनोन्महिने अधिकार नव्हता, त्याच शाखेतून आपण होऊन फोन आला आणि दुरुस्त प्रमाणपत्र मिळाले. विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत वाढली नसती तर मात्र एवढे करूनही उपयोग नव्हता, कारण मुदत टळली की फॉर्म १०-आयईए भरून जुन्या प्रणालीत जाता येत नाही.

तेव्हा काउंटरवर हप्ता भरणाऱ्याने पावतीवरचा भरणा प्रकार आणि व्यवहार क्रमांक तिथेच, खुर्चीवरून उठण्यापूर्वी वाचावा. शक्यतो काउंटरवर भरूच नये. पॉलिसी आई-वडिलांच्या नावावर असली तरी पैसे आपल्याच खात्यातून जाऊ द्यावेत. आणखी एक राहिलेच: दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर पूर्ण रक्कम एकाच वर्षी दाखवता येत नाही, ती त्या वर्षांत समान विभागली जाते.

आता प्रश्न पुढच्या विवरणपत्राचा आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य झाल्यामुळे माझ्या उत्पन्नाला ८०डीची गरजच उरत नाही. पण व्यवसायाचे उत्पन्न असलेला माणूस जुन्या प्रणालीतून एकदा परत नव्या प्रणालीत आला, की व्यवसाय चालू असेपर्यंत त्याला पुन्हा जुनीकडे वळता येत नाही. सल्लागार म्हणतात, डोळे मिटून नवी घ्या. मी गृहकर्जाची उरलेली वर्षे आणि येणारी कामे यांचा हिशेब मांडून पाहिला. त्यांचेच म्हणणे खरे दिसते आहे, आणि या वेळी मी हट्ट करणार नाही.