बाहेरची डिस्क मधेच गायब: लक्षण एक, बिघाड दोन

आधी मांडणी. एक जुना मिनी पीसी, त्यावर डेबियन, घरातल्या फाइल वाटायला सांबा आणि यूएसबीवर दोन डिस्क. मोठी साडेतीन इंची, १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असलेल्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या डब्यात. छोटी अडीच इंची, ती पोर्टमधूनच वीज घेते. मोठीवर मूळ फाइल, आणि रोज रात्री आरसिंक त्यांची प्रत छोटीवर उतरवतो.

तक्रार अशी की मोठी डिस्क अधूनमधून गायब व्हायची. चालू व्हिडिओ थिजायचा. फोल्डर उघडलं तर नावं दिसायची, फाइल मात्र उघडायची नाही. थोड्या वेळाने डिस्क आपणहून परत यायची, पण एसडीबीच्या जागी एसडीसी होऊन (ही लिनक्सने डिस्कला दिलेली नावं), कारण जुनं नाव अजून माउंटने, म्हणजे डिस्क फोल्डरला जोडणाऱ्या व्यवस्थेने, धरून ठेवलेलं असायचं. मग सांबा जुन्याच दाराशी उभा राहून एरर देत बसायचा.

अशा वेळी केबल, हब, ड्रायव्हर, एन्क्लोजर असं सगळं एकदम बदलून मोकळं व्हावंसं वाटतं. ते मुद्दाम टाळलं. सगळं बदलल्यावर त्रास थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही, आणि नाही थांबला तर आणखीच गोंधळ.

पहिलं काम म्हणजे लॉग टिकतोय ना हे पाहणं. जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, फक्त मेमरीत राहत असेल तर रीबूटबरोबर पुरावाही जातो. जर्नल कायमचं साठेल अशी सोय केली, तीही सर्व्हरच्या आतल्या एसएसडीवर. सुटणाऱ्या डिस्कवरच लॉग ठेवणाऱ्यांची गंमत वाटते, पण असे लोक भेटतात खरे.

मदत मागताना बहुतेक जण लॉगची शेवटची ओळ चिकटवतात: इनपुट-आउटपुट एरर, किंवा फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाल्याची सूचना. त्या ओळी फक्त परिणाम सांगतात. कामाची ओळ बरीच वर असते, कधी अर्धा मिनिट आधीची, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) एखाद्या डिस्क-आज्ञेचं उत्तर यायची वाट मुळातच ३० सेकंद पाहतं. वर सरकत गेल्यावर दोन वेगळ्या सुरुवाती सापडल्या. कधी पहिली ओळ असायची यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीच्या) अॅबॉर्ट हँडलरची आणि तिच्यामागे ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’. कधी मात्र कसलीही पूर्वसूचना नाही, थेट ‘यूएसबी डिसकनेक्ट’. या दोन्हींत मोठा फरक आहे. रीसेट म्हणजे डिस्क जागेवर होती, बोलत नव्हती, म्हणून सर्व्हरनेच तिला हलवलं. डिसकनेक्ट म्हणजे पोर्टच्या दृष्टीने पलीकडचं उपकरणच नाहीसं झालं.

वेळाही जुळत नव्हत्या. रीसेटवाले प्रकार संध्याकाळी, दोघं-तिघं एकदम फाइल ओढत असताना. थेट डिसकनेक्ट जवळपास नेहमी रात्री, आरसिंक सुरू होता होता. एकाच लक्षणामागे दोन बिघाड असावेत ही शंका तिथे आली.

आता या नोंदीतला सगळ्यात उपयोगी भाग. डिस्कची वीज खरंच गेली होती का, हे डिस्क स्वतः लिहून ठेवते. स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ नोंदी वाचणारी आज्ञा, चालवा, एन्क्लोजरमधून जायचं असल्याने बहुधा ‘डॅश-डी सॅट’ लावावं लागेल, आणि दोन आकडे टिपून ठेवा: क्रमांक १२, पॉवर सायकल काउंट, आणि क्रमांक १९२, म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे हेड घाईने मागे घ्यावं लागलं त्याची मोजणी. डिस्क सुटून परत आली की पुन्हा पाहा. १२ वाढला असेल तर वीज तुटली होती. तेवढाच राहिला असेल तर वीज होती आणि संभाषण तुटलं. मल्टिमीटरपेक्षा हा साक्षीदार मला जास्त विश्वासू वाटतो. मीटर क्षणभराची घसरण दाखवतच नाही, आणि अडॅप्टरवर भार नसताना तर तो छान १२ व्होल्ट दाखवतो.

यात एक खोच आहे. काही एन्क्लोजर यूएसबी तुटल्यावर स्वतःच डिस्कची वीज कापतात. मग १२ क्रमांक वाढतो तो परिणाम म्हणून, आणि आपण त्याला कारण समजून बसतो. म्हणून आधी पडताळणी केली: डिस्क नीट अनमाउंट करून, अडॅप्टर चालू ठेवून, फक्त यूएसबी केबल उपसली, थोडं थांबून परत लावली. आकडा हलला नाही. म्हणजे माझं एन्क्लोजर वीज कापत नाही, आणि आकड्यावर भरवसा ठेवता येतो. तुमचा हलला तर ही कसोटी तुमच्याकडे चालणार नाही. मग कान लावून ऐकणंच बरं: वीज जाताना डिस्कची गती उतरल्याचा आवाज आणि परत येताना पुन्हा चढल्याचा आवाज स्पष्ट येतो.

क्रमांक १९९, म्हणजे सीआरसी एररचा आकडा, पाहून बरेच जण यूएसबी केबल फेकून देतात. तो आकडा एन्क्लोजरमधली ब्रिज चिप (यूएसबी आणि डिस्क यांच्यातला दुभाषा) आणि डिस्क यांच्यातल्या साटा जोडणीचा, म्हणजे डिस्कच्या मूळ जोडणीचा, असतो. यूएसबी केबलबद्दल तो काहीही सांगत नाही. केबलचा संशय असेल तर जोडणीच्या वेळची ओळ पाहा. यूएसबी ३ च्या पोर्टात लावूनही ‘न्यू हाय-स्पीड’ असं आलं तर डिस्क ५ गिगाबिटऐवजी ४८० मेगाबिटवर उतरली आहे, म्हणजे जास्तीच्या पिना नीट टेकत नाहीत. माझ्याकडे दर वेळी सुपरस्पीडच होतं, त्यामुळे केबलला तूर्त हात लावला नाही.

डिस्क स्वतः धड आहे का, यासाठी स्मार्टची लांब चाचणी. ही डिस्क आतल्या आत करते, डेटा यूएसबीवरून जात नाही. तिच्यात पास होऊन, पूर्ण डिस्क डीडी या आज्ञेने नुसती वाचून डेटा टाकून देताना मात्र सुटत असेल, तर दोष वाटेत आहे. डीडीच्या वाचनात ना नेटवर्क येतं, ना फाइल सिस्टिम, ना सांबा. उलट बाजूने आयपर्फ३ फक्त नेटवर्क तपासतं. दोन्ही केल्यावर सांबा आणि राउटर यादीतून गेले. लांब चाचणी अर्धवट थांबली तर घाबरू नका, काही एन्क्लोजर मधेच डिस्कला झोपवतात. चाचणी चालू असताना अधूनमधून डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचत राहिलं की पूर्ण होते. माझी पूर्ण झाली. राखीव जागेत हलवलेले सेक्टर शून्य, प्रलंबितही शून्य.

मग पहिला बिघाड. संध्याकाळच्या रीसेटनंतर १२ आणि १९२ दोन्ही जागच्या जागी, म्हणजे वीज शाबूत. लॉगमध्ये यूएएसचं नाव होतंच. यूएएसमध्ये एका वेळी अनेक आज्ञा रांगेत टाकता येतात. जुन्या बल्क-ओन्ली पद्धतीत एक संपली की दुसरी. रांगेचं गणित काही ब्रिज चिपच्या फर्मवेअरला झेपत नाही आणि भार वाढला की ते गप्प होतात. उपाय प्रचलित आहे: एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेतून, उपकरणाचे विक्रेता व उत्पादन क्रमांक घ्यायचे आणि कर्नलच्या बूट-ओळीत यूएसबी-स्टोरेजच्या (जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरच्या) क्वर्क्समध्ये, म्हणजे ठरावीक उपकरणांसाठीच्या अपवादांत, ते दोन्ही, मधे कोलन, शेवटी कोलन आणि ‘यू’ असं लिहायचं. रीबूटनंतर एलएसयूएसबीला ‘डॅश-टी’ देऊन ड्रायव्हरच्या जागी यूएएस जाऊन यूएसबी-स्टोरेज आलंय याची खात्री करायची. ही खात्री न करता ‘उपाय लागू पडला नाही’ म्हणणारे खूप असतात, आणि बऱ्याचदा क्रमांकात एक अंक चुकलेला असतो.

यूएएस बंद केल्याने वेग जातो, हे फिरत्या डिस्कबद्दल फारसं मनावर घेऊ नका. गिगाबिट नेटवर्कची कमाल १२५ मेगाबाइट प्रतिसेकंद, हाती येतात ११० च्या आसपास, आणि तेवढं बल्क-ओन्ली पद्धतीतही आरामात निघतं. लहान लहान हजारो फाइल असतील तर थोडा फरक जाणवतो. एसएसडी असती तर मी आधी दुसरं एन्क्लोजर शोधलं असतं.

संध्याकाळचे रीसेट थांबले. रात्रीचे डिसकनेक्ट तसेच राहिले. नेमका इथे माणूस म्हणतो, ‘क्वर्क लावूनही उपयोग नाही’, आणि तो काढून टाकतो.

रात्रीच्या प्रकारानंतर मात्र १२ एकने वाढलेला, १९२ सुद्धा. आता वेळेचाही अर्थ लागला. दिवसभराची वर्दळ थांबली की डिस्क झोपते. आरसिंक सुरू होताना तिला जागं व्हावं लागतं, आणि थांबलेल्या चकत्या फिरवायला सगळ्यात जास्त वीज लागते. साडेतीन इंची डिस्क त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, एकदा गती घेतली की त्याच्या निम्म्याहूनही कमी. अडॅप्टरवर लिहिलंय १२ व्होल्ट, २ अँपिअर. नवा असताना काठावर पुरत असणार. वय झालं, आतले कपॅसिटर थकले, की तोच काठ ओलांडला जातो. पडताळायला हातानेच डिस्कला एचडीपार्म या डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने झोपवलं आणि लगेच वाचायला लावलं. दर वेळी नाही, पण अडॅप्टर गरम असताना हमखास सुटली.

१२ व्होल्ट, ३ अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावला. व्होल्टेज तेच हवं, अँपिअर जास्त चालतात. पिनचा व्यास आणि ध्रुवता मात्र खुणेवरून तपासून घ्या, आतला टोक धन आहे की ऋण हे अंदाजाने ठरवू नका. तेव्हापासून १२ क्रमांक फक्त मी स्वतः वीज बंद केली तेव्हाच वाढलाय. क्वर्क काढून पुन्हा संध्याकाळचा भार टाकला, रीसेट परत आले, म्हणून क्वर्क परत लावला. म्हणजे दोन्ही बिघाड खरे होते.

रास्पबेरी पायवर सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पाय ४ वर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा दिला तर १.६ अँपिअर मिळतात, ३ अँपिअरचा दिला तर फक्त ०.६. पोर्टवर चालणारी अडीच इंची डिस्क जागी होताना एक अँपिअरपर्यंत जाऊ शकते, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. तिथे स्वतःची वीज असलेला हब हाच खरा इलाज, आणि तो उलट बोर्डात वीज ढकलत नाही एवढं बघा.

आता डिस्क सुटलीच तर नुकसान होऊ नये याची तजवीज, कारण पुढेही कधीतरी सुटेल. एफस्टॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत, एसडीबी वगैरे नाव नको, यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) घाला, सोबत ‘नोफेल’, नाहीतर डिस्कशिवाय सर्व्हर बूट होताना अडकून बसतो. त्याहून महत्त्वाचं रिकाम्या माउंट फोल्डरचं. डिस्क माउंट नसताना तो फोल्डर साधा फोल्डर असतो. प्रत घेणारा कार्यक्रम त्यातच लिहीत सुटतो आणि आतली एसएसडी भरते. डिस्क काढून, रिकाम्या फोल्डरवर चॅटर या आज्ञेने ‘अधिक आय’, म्हणजे बदल-बंदीची खूण, लावून ठेवलं की त्यात रूटलाही लिहिता येत नाही, आणि वर डिस्क माउंट झाली की काही अडत नाही.

दुसरा धोका त्याहून वाईट. आरसिंकला ‘डिलीट’ दिलेलं असेल आणि मूळ डिस्कच जागेवर नसेल, तर त्याला मूळ बाजू रिकामी दिसते आणि तो इमानेइतबारे प्रतही रिकामी करतो. वाचताना एरर आली तर तो पुसणं थांबवतो, पण रिकाम्या फोल्डरला एरर नसते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने दोन्ही डिस्क तपासल्या जातात, दोहोंपैकी एक जरी नसेल तर काम तिथेच थांबतं. त्याच स्क्रिप्टमध्ये १२, १९२ आणि १९९ हे तीन आकडे तारखेसकट एका फाइलमध्ये उतरतात.

छोटी डिस्क कधी सुटली नाही, फक्त उठायला वेळ लावते. तिच्या एन्क्लोजरचा झोपेचा टायमर फर्मवेअरमध्येच आहे, एचडीपार्मला तो दाद देत नाही. दर काही मिनिटांनी तिला जागं ठेवायची स्क्रिप्ट लिहिता येईल, पण रात्री एकदाच लागणारी डिस्क दिवसभर फिरवण्यात मला अर्थ दिसत नाही. झोपू दे. पुढच्या नोंदीत मोठी डिस्क एन्क्लोजरमधून काढून थेट साटावर घेतोय. मिनी पीसीत साटाचा एक पोर्ट रिकामा आहे, पण त्याच्या वीजजोडणीत फक्त ५ व्होल्ट येतात, १२ ची सोय बाहेरून करावी लागेल.