माझेच जुने उद्योग आणि ४ जीबी रॅम

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसातला ४ जीबी रॅमचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. मे महिन्यात पत्र्याखाली आम्ही दोघं सारखेच तापतो. एका दुपारी माल पाठवायला लागणारं ऑनलाइन ई-वे बिल भरताना ब्राउझर तिसऱ्यांदा गोठला. माल ५०,००० रुपयांच्या वरचा, टेम्पो भरून उभा. मामा डोकावले, "काय करालास बे अजून?"

बिल कसंबसं काढलं आणि टेम्पो गेल्यावर मूळ शोधायला बसलो.

आधी फायरफॉक्सच्या 'अबाउट सपोर्ट' पानावरून प्रोफाइलचा (म्हणजे माझ्या सेटिंग्ज, टॅब वगैरे जिथे साठतात तो) फोल्डर उघडला, ब्राउझर बंद केला आणि 'प्रेफ्स डॉट जेएस' या सेटिंग्जच्या फाइलची कॉपी काढून ठेवली. मग 'अबाउट कॉन्फिग', म्हणजे ब्राउझरच्या आतल्या सेटिंग्जचं पान. इशारा मान्य करून फक्त बदललेल्या सेटिंग्ज दाखवायला सांगितल्या. त्यातल्या बऱ्याच सेटिंग्ज ब्राउझरने स्वतःच लिहिलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. पण काही नावं ओळखीची निघाली. कॉलेजात असताना 'स्पीड वाढवा' छापाच्या टिपा वाचून मीच केलेले उद्योग! जुन्या लॅपटॉपवरून प्रोफाइल उचलून आणलं, त्याबरोबर तेही आले.

पाइपलायनिंग (उत्तराची वाट न बघता एकामागून एक मागण्या पाठवणं) चालू केलेलं होतं. ती सोय फायरफॉक्समधून केव्हाच काढून टाकलीय, नोंद तेवढी उरलेली. कचरापेटीचं चिन्ह दाबलं, गेली. खरा घोळ कॅशेत, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या साठ्यात होता. डिस्क कॅशे बंद आणि मेमरी कॅशेची मर्यादा १०४८५७६. हा आकडा केबीत असतो, म्हणजे १ जीबी! त्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम होती, तिथे खपून गेलं. रीसेटचा वळलेला बाण दाबून दोन्ही मूळ पदावर आणलं. मर्यादा उणे १ झाली, म्हणजे रॅम बघून ब्राउझर स्वतः ठरवतो.

ब्राउझर आपलं काम ज्या वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटून चालवतो, त्यांची संख्या कमी करायचा मोह झाला होता. पण २०२१पासून प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस मिळते, जुन्या टिपांचा हिशोब तिथे लागत नाही. सोडून दिलं.

बदल एकच केला. उघड्या टॅबची नोंद दर १५ सेकंदांनी डिस्कवर होते, ते सेशनस्टोअर इंटरव्हल १५०००वरून ६०००० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट केलं. आमची हार्ड डिस्क जुनी, तिला जरा दम मिळतो. दिवे गेले तर शेवटच्या मिनिटातले टॅब परत येणार नाहीत, पण यूपीएस आहे.

बिलं आता अडत नाहीत. तरी संध्याकाळी थोडं रेंगाळतंच, म्हणून 'अबाउट प्रोसेसेस' उघडून मामांना रॅमचे आकडे दाखवले. त्यांनी माझे २३ टॅब मोजले आणि म्हणाले, "रॅम दिवाळीनंतर बघू."