पर्वती पाहायची तर आधी तळं शोधा

पुण्यातल्या पर्वती टेकडीवर जाणारे बहुतेक जण थेट पायऱ्या गाठतात, देवदेवेश्वराला हात जोडतात, शहराचे फोटो काढतात आणि उतरतात. माझं ऐकाल तर सुरुवात सारसबागेतून करा. तळ्यातल्या गणपतीपाशी उभं राहून चौफेर नजर फिरवली की देऊळ उंचावर आणि भोवतालची बाग खोलगट दिसते. ती खोलगट जागा म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या तळ्याचा तळ. कात्रजकडून येणारा आंबील ओढा इथे अडवला आणि मधे बेट राखलं. त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपती बसवला. तळं विसाव्या शतकात गेलं, पण नाव राहिलं.

हा ओढा पूर्वी पेठांच्या अंगानं वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेबांनी तो पश्चिमेकडे, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूला वळवला, तेव्हा पेठांना वाढायला मोकळी जागा मिळाली. देऊळ, तळं, वळवलेला ओढा आणि कात्रजहून शहरात आणलेलं नळाचं पाणी ही सगळी एकाच माणसाच्या कारकिर्दीतली कामं. ती एकत्र पाहिली तरच पर्वती कळते.

आता चढण. पायऱ्या १०३. त्या रुंद आणि बुटक्या आहेत, कारण पालख्या आणि हत्ती वर जायचे. माणसाच्या चालीला मात्र हे माप अडचणीचं. एका ढांगेत पायरी संपत नाही, दोन टाकल्या तर पावलं तोकडी पडतात. दर वेळी तोच पाय वर उचलला गेला की त्याच गुडघ्यावर सगळा भार येतो. म्हणून सरळ न चढता किंचित तिरकं चढावं, पाय आपोआप बदलतो. पावसाळ्यात झिजलेला काळा दगड निसरडा होतो. तेव्हा चढण्यापेक्षा उतरताना जपा, आणि गुळगुळीत तळाच्या चपला घालून येऊ नका.

देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ चं. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाईंच्या पायाचं दुखणं इथल्या देवीला केलेल्या नवसानं बरं झालं म्हणून ते बांधलं, असं सांगतात. नवसानं टेकडी ठरली असेल, पण नुसत्या नवसाला एवढा तट आणि एवढा परिसर लागत नाही. पेशवे काही राजे नव्हते, ते छत्रपतींचे प्रधान. त्याच १७४९ च्या डिसेंबरात साताऱ्यात शाहू महाराज गेले आणि कारभाराचं केंद्र पुण्याकडे सरकलं. राजधानीसारखं वागू लागलेल्या गावाला लांबून दिसेल असं देवस्थान हवंच होतं.

आत शिरल्यावर लगेच गाभाऱ्याकडे धावू नका. हे शिवपंचायतन आहे : मधे शिव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. ही मांडणी डोक्यात ठेवून प्रदक्षिणा घातली तर कोपऱ्यातला देव ओळखायला पाटी लागत नाही. सूर्याचं देऊळ लोक हमखास चुकवतात. टेकडीवर कार्तिकेय, विष्णू आणि विठ्ठल यांचीही देवळं आहेत. थोडा वेळ काढून तीही पाहावीत.

नानासाहेबांचा शेवटही इथलाच. पानिपतात मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेल्यावर ते खचले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच वारले. त्यांचं स्मारक इथे आहे. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली. आज उत्तरेला इमारतींची गर्दी आहे, त्यामुळे खडकी कुठे ते अंदाजानंच ठरवावं लागतं.

पेशवाईपाशी थांबलं तर हा इतिहास अर्धाच राहतो. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्य मानलेल्यांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज ही त्यातली पुढची माणसं. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. पर्वतीवरच्या गप्पांत बाजीरावाची लढाई हटकून निघते, या दगडफेकीचं नाव मात्र क्वचितच. मला हे खटकतं.

सकाळी लवकर या. उन्हाळ्यात नऊनंतर पायरीचा दगड तापतो आणि धुरकट हवेत सिंहगडही नीट दिसत नाही. उतरण्याआधी तटाशी उभे राहून ओढ्याची वाट शोधा : कात्रजचे डोंगर, मग सहकारनगर, मग दांडेकर पूल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचा पूर याच पट्ट्यातल्या वस्त्यांत शिरला होता.