एका चुलीवरचे पाच दिवस

गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५, ऋषिपंचमी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. ओटीवर पोरं ओळीने झोपलीत, कोण कोणाच्या पांघरुणात आहे ते सकाळीच कळेल. बाहेर पाऊस धरून आहे. गणपतीपुढच्या समईच्या उजेडात लिहायला बसलेय.

यंदा ४१ माणसं जमली. डोंबिवली, बदलापूर, पुणे, म्हापसा आणि दोन वर्षांनी बडोद्याचे मोठे दीरही आले. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे जूनच्या अखेरीला सगळी घरं मोबाइल घेऊन बसली होती. कुडाळला उतरलं आणि ओल्या मातीचा वास आला की गाडीतला शीण जातो, दर वर्षी.

या घरात एरवी तीन चुली. वाटणी माझ्या लग्नाआधीच झालेली. जमीन वाटली, माड वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. गणपती मात्र कोणी वाटला नाही. हे पाच दिवस मागीलदारी एकच मोठी चूल पेटते आणि वर्षभर एकमेकींच्या दारावरून नुसत्या जाणाऱ्या माझ्या दोन जावा एकाच पातेल्यावर वाकून मीठ चाखतात. मला हे बघायला यायचं असतं. मोदक डोंबिवलीतही मिळतात.

परवा माटवी बांधली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. पुरुषमंडळी भिजत जाऊन कवंडाळं, हरणं, कांगण्यांचे घोस, तेरडा घेऊन आली. बडोद्याचा बारा वर्षांचा पुतण्या केवणीच्या सालीने गाठ मारायला शिकला. त्याची तीन कवंडाळं सुटून पडली. चौथं टिकलं, आणि काल दिवसभर येईल त्याला तो तेच दाखवत होता.

आज ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं आज काही खायचं नाही, म्हणून परसातलं आणि कुंपणाकडेचं तेवढंच: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, मक्याची कणसं. तेल नाही, मसाला नाही, नुसती मिरची आणि मीठ. काल संध्याकाळी सात जणी गोल करून बसलो, मध्ये भाजीचा ढीग, आडाळे (विळ्या) तीनच. पुण्याची नवी सून अळू सोलायला पुढे झाली तशी काकी म्हणाल्या, "गो बाये, आधी हाताक खोबरेल लाव, नायतर खाज येतली." स्वतःच वाटी आणून त्यांनी तिची बोटं एकेक करून माखली. माझ्या पहिल्या वर्षी माझीही अशीच माखली होती. तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे घातलेलं मागणं. काल आरत्या संपल्यावर चुलतसासरे उभे राहिले. ८३ वय, आवाज अजून खणखणीत. "बा देवा म्हाराजा, जी लेकरां आज तुझ्या पायाशी जमली हत, तेंका सुखात ठेव म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" मग एकेका घराचं नाव. सुट्टी न मिळाल्याने दुबईत अडकलेल्या भाच्याचं नावही आलं, आणि कोणीतरी फोन वर धरला. पलीकडून त्याचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या मागून, क्षणभर उशिरा पोचला. आत्येने पदर डोळ्यांना लावला. मला पदर नव्हता, ओढणीने भागवलं.

भाजी आज दुपारी तिन्ही घरांच्या पानांवर सारखी पडली. पातेलं निपटून मोठ्या जाऊबाईंनी उरलेली वाटीभर धाकटीच्या मुलासाठी झाकून ठेवली, न सांगता.

झोपण्याआधी काकींनी कॅलेंडर काढायला लावलं. पुढल्या वर्षी अधिक जेठ आहे, चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. म्हणजे तिकिटं जुलैच्या मध्यावर काढायची. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. समईत तेल घालते आणि आडवी होते. पहाटे नारळ खवायची पाळी माझी.