हॉपची बगलफूट

द्राक्षबागेत राबलेला माणूस कुठल्याही वेलीकडे कात्रीच्या नजरेनेच बघतो. बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारा फुटवा, दिसली की काढ, शेंडा वर गेला की मार. टोमॅटोवाल्यांचंही तेच. हा सवयीचा हात हॉपच्या वेलावर पडला की त्या वर्षीचं पीक बुडालंच समजा, कारण हॉपची बोंडं लागतात ती मुख्यतः बगलफुटीवर.

बियरला कडवटपणा देणारी ही वेल. आपल्या देशात ती हिमाचलच्या लाहौलात होते, अमेरिकेत मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात. तिला वाढायला लांबलचक दिवस लागतो. जूनमध्ये याकिमात जवळजवळ १६ तास उजेड असतो. महाराष्ट्रात दिवस साडेतेरा तासांच्या पुढे जात नाही, म्हणून इथे ती पोरवयातच फुलावर येते आणि खुरटी राहते. तेव्हा हा सगळा खटाटोप सिएटल-पोर्टलंडकडच्या परसातला.

पहिल्या वर्षी हळदीच्या गाठीसारखा बोटभर मूळखंड लावला की त्यातून चार-सहा कोंब येतात. ते सगळे राहू द्यावेत. पानं जेवढी जास्त, तेवढं मुळांचं पोट भरतं, आणि त्या वर्षीची कमाई म्हणजे मुळंच. चार-सहा बोंडं आली तर आली.

अपवाद एकच, केवडा रोग धरलेला कोंब. निरोगी कोंबाची पेरं लांब असतात आणि शेंडा दोरी शोधत झुलतो. केवड्याचा कोंब जागच्या जागी थिजतो. पेरं आखूड, पानं पिवळट, खाली वळलेली, आणि उलटवून पाहिलं तर मागे राखाडी-जांभळी भुकटी. तो बुडातून कापून पिशवीत घालून थेट कचऱ्यात टाकायचा, खतखड्ड्यात नाही. कात्री लगेच स्पिरिटने पुसायची.

कात्रीची खरी हौस फिटते ती दुसऱ्या वसंतात. जमिनीतून पहिल्यांदा जे जाडजूड कोंब उसळतात ते दिसायला पैलवान, पण आतून पोकळ, आणि वाऱ्यात पटकन मोडतात. ते वीतभर झाले की कापावेत. मागून येणारे पेन्सिलीपेक्षा बारीक, चिवट कोंब धरावेत. एका दोरीला दोन-तीन, आणि दोऱ्या दोन. बाकीचे मातीलगत छाटायचे. गड्डा उन्हाळाभर नवे फुटवे काढत राहतो, म्हणून ही छाटणी दर आठवड्याला.

छाटलेले कोवळे शेंडे फेकू नयेत, लोण्यावर परतले की छान लागतात. बेल्जियममध्ये ही मोसमी चैनीची भाजी आहे. २०२१ साली बिहारमध्ये एक शेतकरी लाख रुपये किलोने हीच भाजी पिकवतो अशी बातमी समाजमाध्यमांवर फिरली होती. पत्रकार शेतावर पोचले तेव्हा तिथे हॉपचं पानही नव्हतं.

दोरी काथ्याची घ्यावी, याकिमातही तीच बांधतात. हॉपला ताणे नसतात. खोडावरच्या आकडेदार केसांनी तो चढतो, आणि नायलॉनवर ते केस घसरतात. गुंडाळताना वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवायचा. घेवडा फिरतो त्याच्या नेमका उलट. चुकीचा वळवला तर तो स्वतःला सोडवून घेतो. हे काम दुपारी करावं. सकाळी कोंब पाण्याने टच्च असतो, जरा वाकवला की शेंडा कडकन हातात येतो. तसं झालंच तर घाबरू नये. तुटल्या जागेखालच्या पेरातून समोरासमोर दोन फुटी निघतात. त्यांतली जोमदार दोरीवर घ्यायची, दुसरी खुडायची.

एरवी बगलफूट खुडायची ती फक्त खालच्या दोन-अडीच फुटांत, तीही वेल दोरीच्या टोकाला पोचल्यावर, साधारण जुलैत. बुडाशी हवा खेळली की पानांवरचं पाणी लवकर सुकतं आणि केवड्याला ओल मिळत नाही, शिवाय कोळी या बारीक किडीची चढायची शिडीही जाते. घाई केली तर चालत्या स्वयंपाकघरातली चूल विझवल्यासारखं होतं. पहिल्या वर्षीच्या रोपाला तर तिथेही हात लावू नये. पानं ओरबाडू नका, देठाबरोबर खोडाची साल सोलून येते. कात्रीने देठ कापा, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. ते आकडेदार केस दोरी आणि दंड यांत फरक करत नाहीत.