संशोधनाचं हेड का खोडता?

मी पुण्यात एका छोट्या सामाजिक संस्थेचे हिशेब बघते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आमची संस्था भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरं चालवते. प्रत्येक घरात चार जण आणि सोबत राहणारी एक मदतनीस ताई. वसतिगृह नाही, आश्रम नाही. साधी सोसायटी, दारावर राहणाऱ्यांची नावं, खाली किराणा दुकान.

मार्च संपत आला की देणगीदारांसाठी बजेट करायचं काम माझ्याकडे येतं. घरभाडं मंजूर होतं. ताईंचे पगार थोडे कापून का होईना, मंजूर होतात. गाद्या, भांडी, वॉशिंग मशीन यांना तर कुणी विचारतही नाही. ‘संशोधन व नोंदी’ हे हेड मात्र खोडून परत येतं. यंदा एका कंपनीच्या सीएसआर विभागातल्या (कंपनीचा सामाजिक कामांसाठीचा पैसा बघणाऱ्या) बाईंनी फोनवर आपुलकीनं समजावलं, “मॅडम, तुमचं काम चांगलं आहे हे दिसतंच आहे. मग त्यावर संशोधन कशाला? त्या पैशात आणखी एक घर भाड्यानं घ्या ना.”

त्यांचा हेतू चांगला होता, म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटतं. फोनवर दोन मिनिटांत ते जमत नाही.

माझा दादा पंचेचाळिशी ओलांडलेला आहे. बौद्धिक दिव्यांग. सांगलीला आईजवळ राहतो. आई थकली आहे, आणि अशा घरांत जो प्रश्न रोज असतो तोच आमच्याकडेही आहे : माझ्या माघारी याचं कसं? नातेवाईक दोनच उत्तरं देतात. बहिणीकडे जाईल, नाहीतर संस्थेत ठेवा. दादाला स्वतःला कुठे राहायचंय, हे विचारण्याची पद्धतच नाही. तिसरं उत्तर आमच्या फ्लॅटसारखं आहे, आणि ते सांगली-मिरजेत मिळायला हवं असेल तर सरकारची योजना लागेल. देणगीवर चार घरं चालतील, चारशे चालणार नाहीत. योजना मागायला गेलं की अधिकारी विचारतात, दरडोई खर्च किती? राहणाऱ्याला फायदा काय झाला? पुरावा काय? ते बरोबरच विचारतात. त्या उत्तरांचे पैसे ज्या हेडमध्ये होते, तेच खोडलेलं असतं.

संशोधन म्हटलं की लोकांना जाडजूड अहवाल आठवतो. आमच्याकडे त्याची सुरुवात ताईंच्या वहीत होते. एका घरातल्या ताई दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि लिहितात फार नेमकं. “दूध आणायला एकटे गेले. सुट्टे पैसे घ्यायचे राहिले, दुकानदारानं हाक मारून दिले.” “शर्ट स्वतः निवडला, निळा.” “साडेदहापर्यंत टीव्ही पाहिला. झोपा म्हटलं, नको म्हणाले. परत म्हटलं नाही.” ही शेवटची नोंद लिहू की नको, असं त्यांनी मला विचारलं होतं, आपण कामात कमी पडलो असं कुणाला वाटेल का, ही भीती. मला मात्र त्या महिन्यातली ती सर्वांत मोलाची ओळ वाटली. हे गृहस्थ आधी ज्या वसतिगृहात होते तिथे नऊला दिवे बंद होत. आपण कधी झोपायचं हे माणूस स्वतः ठरवतो का, हेच तर मोजायचं आहे.

पण नुसती वही म्हणजे संशोधन नव्हे. तेच प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारायला हवेत. ताई समोर नसताना, चित्रं दाखवून, राहणाऱ्यांना स्वतःला विचारायला हवेत. आई-वडिलांकडे राहणारे, वसतिगृहात राहणारे आणि आमच्याकडचे यांची तुलना करायला हवी. त्याआधी अभ्यासात कुणाचं नुकसान होणार नाही ना हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी, प्रत्येकाला समजेल अशा भाषेत संमती. एका माणसाचा पगार, प्रवास, विश्लेषणाची फी. त्या हेडमध्ये एवढंच होतं.

याचा उपयोग होतो का? मानसिक आजाराच्या क्षेत्रात झालेला दिसतो. दादाला मानसिक आजार नाही, तरी राहण्याचा प्रश्न तोच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम १९ मध्ये स्पष्ट सांगतो की, कुटुंब नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मग सोडायचं कुठे? आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे झालेल्या रुग्णांना तिथून भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं. पर्याय माहीत नसला की भिंती बदलतात, माणूस आतच राहतो.

देशात असे किती जण अडकलेत, याचा अंदाजही एका अभ्यासामुळेच आला. २०१९ च्या त्या अहवालासाठी ४३ सरकारी मनोरुग्णालयं पाहिली गेली. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच असलेले ४,९३५ लोक निघाले, म्हणजे दाखल असलेल्यांपैकी ३६.२५ टक्के. या कामामागे हंस फाउंडेशन ही खासगी संस्था होती. त्या आकड्याशिवाय कुठल्या राज्यानं किती घरांची तयारी करायची, हे कसं ठरवणार?

घरं कशी असावीत याचं उत्तर चेन्नईच्या ‘द बॅन्यन’नं शोधलं. ही संस्था १९९३ पासून बेघर, मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी काम करते. ‘होम अगेन’ या उपक्रमात त्यांनी वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्यांना चार-पाच जणांच्या गटानं गावात, वस्तीत भाड्याच्या घरांत राहायला नेलं. मदतीला साध्या, स्थानिक बायका. त्याला ग्रँड चॅलेंजेस कॅनडा या निधी देणाऱ्या संस्थेनं पैसे दिले आणि त्यात अभ्यासही होता. घरात गेलेले आणि नेहमीच्या संस्थेत राहिलेले यांची तुलना केली, तेव्हा घरात गेलेल्यांचं आसपासच्या लोकांत मिसळणं वाढलेलं दिसलं. पुढे हा नमुना केरळ, आसाम आणि आपल्या महाराष्ट्रातही आला. नुसती चांगली गोष्ट ऐकून दुसरं राज्य पैसे घालत नाही. कुणाला किती मदत लागते हे कागदावर असावं लागतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आपल्याकडे असं काम फार थोडं दिसतं. अमेरिकेत दिव्यांगत्व आणि स्वतंत्र जगण्यावरच्या संशोधनाला निधी देणारी केंद्रीय संस्था १९७८ पासून आहे, आणि कोण कुठे राहतं याची मोजणी तिथली विद्यापीठं वर्षानुवर्षं करत आली आहेत. म्हणूनच त्यांना सांगता येतं की बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १ लाख ९५ हजार लोक १९६७ मध्ये मोठ्या सरकारी संस्थांत होते आणि आता ही संख्या २० हजारांच्याही खाली आहे. आपल्याकडे कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं, आणि कलम २८ नुसार पुनर्वसनाबद्दल संशोधन करणं किंवा करवून घेणं हे सरकारचं काम आहे. कलम २८ बद्दल मात्र बैठकांत मी क्वचितच कुणाला बोलताना ऐकलं आहे.

सीएसआरबद्दल दोन गोष्टी, कारण इथे गैरसमज फार आहेत. सीएसआरचा पैसा कोणत्या कामांवर खर्च करता येतो याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात संशोधनाचा उल्लेख येतो तो विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक यांच्या संदर्भात. त्यामुळे आमचा विषय कुठे बसवायचा, असा प्रश्न कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना पडतो. माझं म्हणणं, वेगळं बसवूच नका. नोंदी ठेवणं हा घर चालवण्याचाच भाग आहे, तो प्रकल्पखर्चातच धरा. दुसरं, “प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही” असं सांगून आमचं हेड कापलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, आमच्या प्रकल्पातल्या अभ्यासाला नाही.

महाराष्ट्राकडून मला जास्त आशा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये इथे स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. तो बहुतेक वस्तू आणि अनुदानात जातो, आणि त्यांचीही गरज असते. पण एखाद्या जिल्ह्यानं त्यातला छोटा वाटा काढून पाहणी करावी : आपल्याकडे चाळिशीपुढचे किती दिव्यांग वृद्ध आई-वडिलांसोबत आहेत? भाड्यानं घर कोण देतं, कोण नाकारतं, आणि जात विचारून नाकारतं का? स्त्रियांच्या घरांना वेगळं काय लागतं? सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या तालुक्यात फ्लॅट नसतात, तिथे अशा घराचं रूप काय असेल? हे मला खरोखर माहीत करून घ्यायचं आहे, दादासाठीही.

तोवर एक विनंती. तुमच्या घरी असं कुणी असेल तर एक महिना वही ठेवा. खर्च लिहाच, पण वेळही लिहा : कुणी, किती, कशासाठी दिला. आईनं सांगलीत सुरुवात केली आहे. दादाला संध्याकाळी बागेत फिरवून आणणारे शेजारचे काका तिच्या पहिल्याच पानावर आले. त्यांचा तो वेळ आमच्या कुठल्याही हिशेबात आजवर धरलेला नव्हता. अशा वह्या जमल्या की नावं-पत्ते काढून त्यांचा गोषवारा मी तयार करीन आणि आमच्या निवेदनासोबत दिव्यांग कल्याण विभागाकडे देईन. दादाची वही त्यात असेलच.