गोरी: मोच्याच्या मुलाचं घर

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, दिवस छान गेले. गंधकाच्या पाण्याचे हमाम, चीज भरलेली खाचापुरी, मेडिकल शिकायला आलेल्या मराठी मुलांशी गप्पा. पण लिहायला बसले ती गोरीमुळे.

तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकातून गोरीला जायला मार्श्रुत्का, म्हणजे मिनीबस, मिळते. आपल्या वडापसारखीच, भरल्याशिवाय हलत नाही. गोरीत स्टालिनचं जन्मघर तसंच ठेवलंय आणि त्यावर खांबांचा भव्य मंडप उभारलाय. आत भाड्याची एकच खोली. तळघरात बाप बेसो जोडे शिवायचा, आई केके लोकांकडे धुणं आणि घरकाम करायची. आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेलेली. तिसरा सोसो, म्हणजेच पुढचा स्टालिन, जगला, पण चेहऱ्यावर देवीचे व्रण, डावा हात अधू, त्यात दारुड्या बापाचा मार. आईला त्याला पाद्री करायचं होतं. १८९४ मध्ये तो तिफ्लिसच्या (तिबिलिसीचं जुनं नाव) सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, गेला आणि पुढच्या वर्षी 'इव्हेरिया' या जॉर्जियन वृत्तपत्रात त्याच्या कविता छापून आल्या.

त्या दारात उभी असताना मला त्या पोराची दया आली, आणि तीच मला सहन होईना. कारण शेजारच्या संग्रहालयातही हीच दया जिने चढून वर येते. गरीब मुलगा, बंडखोर विद्यार्थी, झारने हद्दपार केलेला क्रांतिकारक आणि मग थेट नेता. मधला जिना कुठाय?

तो जिना फायलींचा होता. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. इतरांना ती कारकुनी वाटली. याने मात्र त्या खुर्चीतून गावोगावचे पक्षचिटणीस नेमले, बदलले, आपलेसे केले. पक्षाच्या अधिवेशनात हात वर करणारी माणसंच हळूहळू त्याची झाली. आजारी लेनिनने जानेवारी १९२३ मध्ये लिहून ठेवलं की हा उद्धट आहे, याला त्या पदावरून हलवा. लेनिन गेल्यावर, मे १९२४ मध्ये, ते पत्र प्रतिनिधींना वाचून दाखवलं गेलं. तेव्हा झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह हे पक्षाचे बडे नेते स्टालिनच्या बाजूने उभे राहिले, कारण त्यांना भीती ट्रॉट्स्की या प्रतिस्पर्धी नेत्याची होती. १९२९ मध्ये ट्रॉट्स्की देशाबाहेर घालवला गेला. ऑगस्ट १९३६ मध्ये झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्हला गोळ्या घातल्या गेल्या.

हे सगळं मला तिथल्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत हवं होतं. छळ झालेल्यांसाठी खाली जिन्याजवळ एक लहानशी जागा आहे, तेवढीच. दुकानात त्याच्या चेहऱ्याचे मग विकायला ठेवलेत. माझ्या पुढच्या बाईंनी दोन घेतले आणि मला फार राग आला.

गोरीतली माणसं मात्र अगत्याची. रस्ता विचारला तर एक आजी थेट फाटकापर्यंत सोडायला आल्या. तुम्ही गेलात तर वरच्या दालनांआधी ती खालची जागा बघा. वर जाऊन आल्यावर पाय थकलेले असतात आणि बहुतेक लोक तिथे न वळताच बाहेर पडतात.